"सोसायटीत चालत नाही" म्हणाले की कुठे लिहिलंय ते विचारायचं

तू विचारलंयस ते थोडक्यात असं. तुझ्या अंधेरीच्या ऑफिसात टांझानियाची एक कलीग आलीय, एम्प्लॉयमेंट व्हिसावर, सध्या मरोळला कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये राहते आणि काही केल्या तिला फ्लॅट मिळत नाहीये, फोनवर सगळं ठरतं आणि बघायला गेलं की "कालच गेला" म्हणतात. लिफ्टमध्ये लोक गप्प होतात, बाजारात बायका न विचारता तिच्या वेण्यांना हात लावतात, ट्रेनमध्ये बाजूला कोणी बसत नाही. ती म्हणते सोडून दे, एचआरवाले म्हणतात होईल हळूहळू अ‍ॅडजस्ट, आणि तुझं डोकं फिरतंय. ताई म्हणून विचारलंस म्हणून मी पण अगं-तुगंच करते.

माझं काम हेच आहे, बाहेरच्या देशातून मुंबईत नोकरीला येणाऱ्यांना घर, शाळा, एफआरआरओ (म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी होते ते सरकारी ऑफिस), गॅसचं कनेक्शन असलं सगळं लावून द्यायचं. पार्ल्यात बसून वीसेक वर्षं हेच चाललंय, जपानी, फ्रेंच, कोरियन, केनियन, नायजेरियन, ब्राझीलचे, सगळे बघून झाले. आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, की मुंबईत तोंडावर वाईटसाईट सहसा कोणी बोलत नाही, इथे नियम सांगतात. "आमचं काही नाही हो मॅडम, सोसायटीचा रूल आहे." तो रूल कोणी बघितलेला नसतो. म्हणून खरा नियम कुठला आणि नियमाचं सोंग कुठलं हे तुला पाठ पाहिजे, संतापायचं ते त्यानंतर.

सुरुवात ब्रोकरपासून होते. फोन केला की पहिला प्रश्न "पार्टी कुठली?" फॉरेनर म्हटलं की आवाज एकदम गोड, आणि साठ हजारांचा फ्लॅट बोलता बोलता पंचाहत्तरचा. मग देश विचारतात, आणि आफ्रिकेतला कुठलाही सांग, टांझानिया सांग घाना सांग, त्यांना ऐकू येतं नायजेरिया. मग "ओनरला विचारून फोन करतो", तो फोन काही येत नाही. चांदिवलीच्या एका टॉवरमधला फ्लॅट मी एका केनियन अकाउंटंटसाठी विचारला तर म्हणे गेला, त्याच आठवड्यात तोच फ्लॅट एका फ्रेंच मुलासाठी विचारला तर ओनर स्वतः चावी घेऊन खाली उभा. गोरा असला की भाडं वाढतं, काळा असला की घरच संपतं. पहिल्या प्रकाराला कोणी भेदभाव म्हणत नाही, फ्रेंच मुलालाही ते कौतुकच वाटलं होतं, पण हिशोब दोन्हीकडे चामडीवरूनच चाललेला असतो.

ओनरच्या डोक्यात काय असतं तेही सांगते, कारण माझ्याशी ते मोकळेपणाने बोलतात. ड्रग्ज. पेपरात अधूनमधून नायजेरियन माणूस पकडल्याची बातमी येते आणि ती खोटी नसते. पण त्याच पानावर आपल्या इथलेही पकडलेले असतात, म्हणून डोंबिवलीकराला कोणी घर नाकारत नाही. आफ्रिकेत ५४ देश आहेत, दार-एस-सलामपासून लागोस चार हजार किलोमीटरच्या वर लांब आहे, हे मी ओनरला सांगायचं सोडून दिलंय, भूगोलाने कोणाचं मन वळत नाही. कागदाने वळतं.

तर कागद. नकारामागे सगळा द्वेषच असतो असं नाही, बरीचशी पोलिसांची भीती असते. बाहेरच्या देशाचा माणूस राहायला आला की ज्याच्या जागेत तो राहतो त्याने २४ तासांच्या आत एफआरआरओच्या पोर्टलवर माहिती भरायची, ह्यालाच सगळे फॉर्म सी म्हणतात. हॉटेलला आहे तसंच घरमालकालाही आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून नवीन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट लागू झाला, १९४६ चा जुना कायदा गेला, पण मालकाने कळवायचं हे काही गेलं नाही. आता ओनरने हे नुसतं अर्धवट ऐकलेलं असतं, की फॉरेनर ठेवला की पोलिसांची भानगड. गोऱ्याच्या बाबतीत तो ही भानगड हसत हसत करतो, काळ्याच्या बाबतीत तीच भानगड नको म्हणायला कामी येते. मग तिथेच धरायचं, "फॉर्म सी आम्ही तुमच्या समोर बसून भरून देतो", आणि गप्प राहायचं. जो खरंच घाबरलेला होता तो पुढचा प्रश्न विचारतो, आणि ज्याला द्यायचाच नव्हता तो दुसरं कारण काढतो. तुला लगेच कळतं कोण कुठला.

गोरेगावला एक काका होते, बँकेतून रिटायर झालेले, वरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. माझा क्लायंट झांबियाचा इंजिनिअर. काका नाही नाही म्हणत होते आणि शेवटी काय निघालं, तर "पोलीस दर महिन्याला घरी येणार का हो? हिला बीपी आहे." बस्स एवढंच होतं. आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, लॉगिन बनवलं, पण भरणार मात्र ते स्वतःच, एका बोटाने. पासपोर्ट नंबर टाइप करून परत एकेक आकडा मोठ्याने वाचत ताळा केला, बँकेची सवय, जन्मगाव न्डोला आलं तर थांबले आणि त्याच्याकडे बघून "आधी एन ना? नक्की?" तो म्हणाला येस अंकल एन, डी, ओ. काकूंनी तोवर पोहे आणले. पुढे सेक्रेटरीने खालून काहीतरी कुरकुर केली तेव्हा काकाच भांडले, "माझ्या लॉगिनवरून फॉर्म गेलाय, मला माहितेय कोण राहतोय ते." तो करार नंतर रिन्यू होत राहिला. सगळे ओनर असे नसतात हे मला सांगू नकोस, माहितेय, पण असा एक शोधायला किती खपायचं ते माझ्या कामात येतं.

बाकीचे खरे नियम पटापट सांगते. लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि रजिस्टर झालेला पाहिजे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. "नोटरी करून टाकू, कशाला खर्च" असं कोणी म्हणालं तर तिच्यासाठी अजिबात हो म्हणू नकोस, तिला एफआरआरओला पत्ता दाखवायला रजिस्टर्ड करारच बरा पडतो. दुसरं पोलीस. लोक "पोलीस एनओसी" म्हणतात पण ती एनओसी नसतेच, भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची असते, ऑनलाइन होते, पोलिसांनी परवानगी द्यायची वाट बघत बसायचं नसतं.

तिसरी सोसायटी, सगळी मजा इथेच आहे. मॉडेल बायलॉजप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवायचं असतं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची कॉपी द्यायची असते. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे ओनर स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते जादा पैसे, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, भाडेकरू कुर्ल्याचा असो की किलीमांजारोचा. तरी "फॉरेनरला कमिटीचं अप्रूव्हल लागतं", "आधी इंटरव्ह्यू होईल", "डिपॉझिट सोसायटीकडे पण ठेवायचं" हे सगळं मी ऐकलेलं आहे. अशा वेळी आवाज न चढवता एवढंच म्हणायचं, ठीक आहे, कमिटीचा ठराव झाला असेल ना, त्याची कॉपी द्या, आम्ही उपनिबंधकांकडे (सोसायट्यांवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी) विचारून घेतो. लेखी मागितलं की बरेच नियम तिथल्या तिथे विरघळतात, कारण "आफ्रिकन चालणार नाहीत" हे लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट लिहून द्यायची तयारी कुणाचीच नसते. पण हे पत्र ओनरने मागायचं असतं, भाडेकरू सभासद नाही, तिला सोसायटी उभी करणार नाही. म्हणून मी कायम सांगते, फ्लॅट बघायच्या आधी ओनर बघा. व्ह्यू काय, मॉड्युलर किचन काय, सेक्रेटरीचा फोन आल्यावर जो ओनर फोन बंद करून बसतो त्याचा सी-फेसिंग फ्लॅट पण कामाचा नाही.

आता एक कडू गोष्ट पण सांगून ठेवते, नाहीतर तू कायद्याची धमकी द्यायला जाशील आणि तोंडघशी पडशील. आपल्याकडे खासगी मालकाने देश किंवा रंग बघून घर नाकारलं तर त्याला सरळ धरेल असा कायदा नाही. राज्यघटनेचं कलम १४ आणि २१ "व्यक्ती"ला आहे, म्हणजे तुझ्या कलीगलाही आहे, पण धर्म-जात-वंशावरून भेदभाव नको म्हणणारं कलम १५ "नागरिक" म्हणतं, आणि ही कलमं मुळात सरकारला बांधतात, चौथ्या मजल्यावरच्या ओनरला नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी हाउसिंग सोसायटीच्या केसमध्ये सभासद फक्त पारशीच घेण्याचा बायलॉ चालू दिला होता, ते सभासदत्वाचं होतं भाडेकरूचं नाही, पण सेक्रेटरी लोकांना तेवढंच पाठ असतं. ब्रिटनमध्ये इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० आहे, जर्मनीत २००६ पासून तसा कायदा आहे आणि त्यात भाड्याची घरंही येतात. तरी तिकडे गेलेल्या आपल्या मुलांना विचार, आडनाव वाचून ईमेलला उत्तर न येणं त्यांनी पण पुष्कळ बघितलंय. फरक एवढाच की तिथे तक्रार करायला एक दार आहे, इथे तू, मी आणि ओनर.

आणि हे आपण मराठी लोकांनी तरी "हॅ, एवढं काय" म्हणू नये. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली, व्हिडिओ फिरला, केवढा गहजब झाला आणि व्हायलाच हवा होता. मासे शिजवणार का म्हणून विचारून फ्लॅट नाकारलेले आपल्यातले किती तरी आहेत. पण मी गंमत अशी बघते की ज्या काकांना "नॉनव्हेजवाले नको" ऐकून आयुष्यभर राग आला तेच काका स्वतःचा फ्लॅट द्यायची वेळ आली की "काळे नकोत बुवा" म्हणतात, आणि दोन्ही वाक्यं त्यांना एका जातीची वाटतच नाहीत. मी कधीकधी मुलुंडची आठवण करून देते. काही चिडतात, काही जरा गप्प होतात, आणि गप्प झालेल्याशी मग पुढे बोलता येतं.

तुझ्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती म्हणजे एचआर. त्यांना सांग की अ‍ॅडजस्ट तिने नाही करायचं, कंपनीने कंपनी लीज करायचं. करार कंपनीच्या नावाने, भाडं कंपनीच्या खात्यातून, ती फक्त राहणारी. ओनरला दर महिन्याला चेक कुठून येणार हे दिसलं की निम्मी कटकट संपते. ते नाही म्हणाले तर निदान लेटरहेडवर पत्र घे, हुद्दा आणि पगारासकट. एम्प्लॉयमेंट व्हिसाला काही अपवाद सोडले तर वर्षाला किमान १६.२५ लाख पगाराची अट आहे, म्हणजे हिचा व्हिसा हाच तिच्या उत्पन्नाचा दाखला आहे. "भाडं देईल का?" ह्या प्रश्नाला दुसरं उत्तर लागतच नाही, आणि खरं सांगायचं तर शेजारच्या फ्लॅटमधल्या आपल्या पोरांचे पगार कोणी असे तपासत नाही.

एरिया म्हणशील तर पवई, चांदिवली, मरोळकडचे नवीन टॉवर. जुन्या बिल्डिंगीत कमिटी सकाळ-संध्याकाळ गेटवरच बसलेली असते. ज्यांचे ओनर स्वतः दुबई-सिंगापूरला आहेत ते जरा बरे पडतात, त्यांनी स्वतः कुठेतरी हे भोगलेलं असतं, फक्त पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी त्यांच्या वडिलांकडे असते आणि निर्णय शेवटी वडीलच घेतात, त्यामुळे फोन मुलाला आधी करायचा.

आता रोजचं. विरार लोकलच्या लेडीज डब्यात, जिथे तिघींच्या बाकावर चौथीला टेकायला बायका पाच बोटं जागा सोडत नाहीत, तिथे हिच्या बाजूची सीट रिकामी राहते हे काय असतं ते मला क्लायंटबरोबर प्रवास करताना दिसलंय. सगळ्यांना ती सीट दिसत असते आणि सगळ्या उभ्या असतात. अशा वेळी तू बरोबर असशील तर भाषण देऊ नकोस, सरळ जाऊन बस आणि गप्पा मार. आणि तिला "कुठे उतरणार?" एवढं शिकव. डब्यात चढून बसलेल्या बाईला हे विचारून सीट सांगून ठेवायची हा मुंबईचा कायदा, तो पाळणारी बाई मग आफ्रिकन राहत नाही, बोरिवलीला उतरणारी होते. माझी एक घानाची क्लायंट अशीच दादरच्या पुढे एका कोळणीशी भांडली होती सीटवरून, आणि खुश होऊन मला फोन केला, की आज माझ्याशी कोणीतरी नॉर्मल भांडलं.

वेण्यांना हात लावणं, "खरे आहेत का", सेल्फी, पोरांचं टक लावून बघणं, ह्यात सगळं एका मापाने मोजू नको. उत्तर दिल्यावर समोरची काय करते ते बघ. "हो माझेच आहेत, हात नको लावू" म्हटल्यावर जी बाई सॉरी म्हणून तेल कुठलं लावतेस विचारते ती चौकस आहे, आपल्याकडे चौकसपणाला लाज नसते एवढंच. जी हात लावून मैत्रिणीकडे बघून हसते, तिच्यासाठी तुझ्या कलीगने मोठ्याने मराठीत "हात काढा" म्हणावं. मराठीत. इंग्लिशमध्ये म्हटलं तर तमाशा वाटतो, मराठीत म्हटलं की बाई दचकते.

आणि ज्यावर राग वाया घालवायचा नाही तेही सांगते. एलिफंटाला परदेशी पर्यटकाकडून ६०० रुपये घेतात आणि तुझ्याकडून ४०, तो पुरातत्व खात्याचा परदेशी पर्यटकांचा छापील दर आहे, अमेरिकनही तेवढेच देतो, सार्क आणि बिमस्टेक ह्या आपल्या शेजारी देशांच्या गटांतल्या लोकांना मात्र आपलाच दर आहे. पटत नसेल तर नको पटू दे, मला पण जास्तच वाटतो, पण तिकीट खिडकीवरच्या माणसाने कोणाचा रंग बघून लावलेला नाही. रिक्षात मीटर चालू करायला सांगायचं, २६ रुपयांपासून सुरू होतो, मीटर नको म्हणणारा रिक्षावाला मला पण नको म्हणतो.

ती "सोडून दे" का म्हणते हे तू मनावर घेतलंयस असं दिसतंय, म्हणून लिहिते. तिचा व्हिसा ह्या एका नोकरीला बांधलेला आहे, कंपनी बदलली की सगळं परत पहिल्यापासून. कुठे वाद झाला, पोलीस चौकीत नाव गेलं, एचआरच्या कानावर गेलं, तर माझं काय होईल हा हिशोब ती प्रत्येक वेळी करत असते, तू करत नाहीस कारण तुला करावा लागत नाही. म्हणून कुठे भांडायचं हे तिने ठरवायचं, तू मागे उभी राहा. मागून कोणी काही पुटपुटलं तर प्रत्येक वाक्याचं भाषांतर तिला करून सांगू नकोस, तिने विचारलं तर खरं सांग. आणि "असं सगळीकडेच असतं गं" हे तर अजिबात नको, ते तिने इथे येईपर्यंत दहा जणांकडून ऐकलेलं असतं.

काही ठिकाणी मात्र सोडायचं नाही. अंगाला हात, पाठलाग, दारावर येऊन धमकी, इथे ११२ किंवा महिलांसाठीचा १०३, आणि तक्रार लेखी देऊन तिची पोच घ्यायची. वॉचमन, सेक्रेटरी, ब्रोकर कोणी मूळ पासपोर्ट ठेवून घेतो म्हणाला तर नाही, कॉपी द्यायची, मूळ बघायचा अधिकार पोलीस आणि इमिग्रेशनचा. रस्त्यात पोलिसांनी थांबवलं तर पासपोर्ट, व्हिसा आणि एफआरआरओच्या रजिस्ट्रेशनची पीडीएफ फोनमध्ये तयार पाहिजे, आणि कंपनीतल्या एका माणसाचा नंबर जो रात्री अकराला फोन उचलेल. एचआरचा बोर्ड नंबर नको. दिल्लीत त्यांचं हाय कमिशन आहे, तिथे तिची नोंद आहे का ते एकदा विचारून घे.

१८० दिवसांच्या वरचा व्हिसा असेल तर इथे आल्यावर १४ दिवसांत ई-एफआरआरओवर रजिस्ट्रेशन लागतं, ते कंपनीने केलंय ना ते आजच बघ, गेस्ट हाउसच्या भरवशावर राहिलेले लोक मी बघितलेत. आणि फ्लॅट मिळाला की तिथे पत्ता बदलायचा, ओनरने नवा फॉर्म सी भरायचा, रजिस्टर्ड करार अपलोड करायचा. शिफ्टिंगच्या गडबडीत हेच राहतं, आणि पुढच्या एक्स्टेंशनला तिथेच अडकतं. ओनर शोधायला लागलीस की मला कळव, चांदिवलीत दोन-तीन जण माहितीतले आहेत, त्यांना आधी मी फोन करते.